काढायचं किती?

रोलिफ्लेक्स किंवा हॅसलब्लाडसारख्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ चौकोनी फ्रेम निघत. लायकासारख्या लहान कॅमेऱ्यात ३६. त्याआधी काचेच्या प्लेटा होत्या. ओल्या कलोडियनची प्लेट माखण्यापासून धुण्यापर्यंतचं सगळं काम दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे, नाहीतर प्लेट वाळून फुकट जाई. एका बैठकीत किती फोटो काढायचे हे तेव्हा काढणारा एकटा ठरवत नसे. काच ठरवी, रोल ठरवी, खिसा ठरवी. आज कार्डावर हजारो फ्रेम मावतात आणि एक फ्रेम जास्त काढायला पैसाही पडत नाही. २०२३ साली सोनीने जाहीर केलेला ए९-३ हा कॅमेरा सेकंदाला १२० फ्रेम काढू शकतो. साधनाने घातलेलं कुंपण असं गेलं की माणसाला विचारावं लागतं, आता मर्यादा हवीच का, आणि हवी असेल तर ती कुणी घालायची? हा प्रश्न मला तंत्राचा वाटत नाही. घ्यावं किती आणि ठेवावं किती याचा विचार आपल्याकडे अस्तेय आणि अपरिग्रह या नावांनी फार जुन्या काळापासून चालत आला आहे. कॅमेऱ्यामुळे तो नव्याने करावा लागतो एवढंच.

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढतो, गाईचं दूध काढतो, तसाच फोटोही. आत असलेलं बाहेर आणणं या क्रियापदात आहे, आणि ज्याच्यातून आणायचं त्याचं काहीतरी खर्ची पडणंही आहे. धार काढणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आधी वासरू सोडतात, ते ढुशा देतं, गाय पान्हवते, मग वासराला बाजूला घेऊन चरवी गुडघ्यांत धरली जाते. आणि चारांतला एखादा सड वासरासाठी राखला जातो. किती काढायचं हे चरवी केवढी आहे त्यावरून ठरत नाही. मोठी चरवी आणली म्हणून वासराचा वाटा आक्रसत नाही. जबरदस्ती झाली तर गाय पान्हा चोरते, मग सड ओढून काही उपयोग नसतो. कॅमेऱ्यापुढे बसलेलं माणूसही कधी पान्हवतं, कधी पान्हा चोरतं.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तेव्हापासून महाराष्ट्रात लाखो घरांत पंचशील म्हटलं जातं. त्यातल्या दुसऱ्या शीलाचा अर्थ आपण घाईने ‘चोरी करणार नाही’ एवढाच लावतो. पाली शब्द आहे अदिन्नादान, म्हणजे न दिलेलं घेणं. जैन परंपरेत तेच अदत्तादान. या शब्दाचा पल्ला चोरीपेक्षा मोठा आहे. चोरी म्हटलं की मालकाचा विरोध गृहीत धरलेला असतो. इथे विरोध नाही एवढ्याने भागत नाही, देणं प्रत्यक्ष घडावं लागतं. पोर्ट्रेटसाठी बसणाऱ्याने बसायला होकार दिला हे खरं, पण त्या होकारात त्याने दिलं किती? पहिल्या दहा फ्रेम? तासभर? की कंटाळून मान खाली घालेपर्यंतचं सगळं? माझं म्हणणं असं की फ्रेमच्या संख्येला खऱ्या मर्यादा दोनच आहेत. एक, समोरच्याने जेवढं दिलं असेल तेवढं. दुसरी, काढणाऱ्याला नंतर जेवढं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून निवडता आणि नाकारता येईल तेवढं. या दोन्हींच्या आत हजार फ्रेम बसत असतील तर हजार काढाव्यात. बसत नसेल तर चौथीसुद्धा जास्त आहे.

अपरिग्रहाचं नाव घेतलं की सोपं उत्तर तयार असतं, की थोडे फोटो म्हणजे संयम आणि पुष्कळ फोटो म्हणजे हाव. हे उत्तर मला पटत नाही, आणि न पटण्याचं कारण फोटोग्राफीच्या इतिहासातच आहे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँगने एका आईचे फोटो काढले. सरकारी कामासाठी फिरणारी ही फोटोग्राफर तळ ओलांडून पुढे गेली होती, मग गाडी वळवून परत आली. काम दहाएक मिनिटांत आटोपलं. फ्रेम निघाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतलीच एक ‘मायग्रंट मदर’ म्हणून जगभर गेली. बाईचं नाव लँगने विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि तेव्हा त्या बाईंनी सांगितलं की तो फोटो काढला गेला नसता तर बरं झालं असतं. त्यातून त्यांना एक पैसाही मिळाला नव्हता. लँगच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्या फोटोमुळे तळावर अन्न पोचलं, फक्त तोवर हे कुटुंब पुढे निघून गेलं होतं. पण मोजक्या फ्रेम काढूनही बाईंच्या मनातली सल चाळीस वर्षं टिकली, म्हणजे कमी आकडा हा काही पुण्याचा दाखला नव्हे.

याच्या शेजारी पुण्यातला एक प्रसंग ठेवून पाहावा. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याजवळ फोटो काढायला आली. चिटणिसांनी तिला अट घातली की आधी सूत कातायला शिका. चरखा कसा चालतो हे ज्याला ठाऊक नाही त्याने चरख्याजवळच्या माणसाचा फोटो कसा काढावा? तिने शिकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आत जायला मिळालं. गांधीजींचा त्या दिवशी मौनाचा वार होता, प्रखर उजेड त्यांना आवडत नसे, आणि तिला फ्लॅशचे बल्ब जाळायची परवानगी मिळाली ती तीनच. त्या काळी एक बल्ब एकदाच पेटायचा, म्हणजे फ्लॅशचे फोटोही तीनच. पहिल्या दोन वेळा गडबड झाली आणि हाती काही लागलं नाही. तिसरा बल्ब नीट पेटला. पुढे चरखा, मागे बैठकीवर वाचत बसलेले गांधीजी, खिडकीतून येणारा उजेड, हे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं ते त्या भेटीतलं. या गोष्टीत लोक नशिबाचा भाग सांगतात. मला त्यात आकडा कुणी ठरवला हे महत्त्वाचं वाटतं. रोलने नव्हे, फोटोग्राफरनेही नव्हे. ज्याचं काढायचं होतं त्याच्या बाजूने तो ठरला. आणि त्याआधी फोटोग्राफरने काहीतरी देणं भाग पडलं. तिने वेळ दिला, चरख्याशी झटापट केली, तुटलेला धागा पुन्हा जोडला. देण्याघेण्याचा व्यवहार असा दोन्ही बाजूंनी झाला की ‘काढणं’ या शब्दातली ओढ सैल पडते.

इथे एक जाणता फोटोग्राफर अडवेल. तो म्हणेल की माणूस पहिल्या वीस-तीस फ्रेममध्ये खरा चेहरा दाखवतच नाही. त्याला ठाऊक असलेला, आरशात बसवलेला चेहरा तो देतो. तो मुखवटा थकून गळेपर्यंत काढत राहावं लागतं, म्हणून संख्या लागते. हा आक्षेप कामातून आलेला आहे, त्याला वरवरचं उत्तर चालणार नाही. रिचर्ड एव्हेडॉनचं १९५७ मधलं मेरिलिन मन्रोचं पोर्ट्रेट हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. त्या संध्याकाळी ती स्टुडिओत तासन्‌तास नाचली, गायली, मेरिलिन मन्रो म्हणून जे जे करायचं ते तिने केलं. मग ते सारं ओसरलं आणि ती कोपऱ्यात मुकाट बसली. जगाने नंतर पाहिलेला हरवलेला चेहरा तेव्हाचा. एव्हेडॉनने पुढे सांगितलं की तिला कळू न देता आपण तो काढला नसता. कॅमेरा घेऊन आपण जवळ जात होतो आणि ती नाही म्हणत नव्हती हे आपण पाहिलं. या तपशिलात सगळा फरक आहे. आधीच्या सगळ्या फ्रेमचा होकार या फ्रेमला पुरत नव्हता, हे त्याला कळलं होतं. मुखवटा गळणं म्हणजे देणं नव्हे, ती फक्त राखण करण्याची ताकद संपणं असू शकते, आणि रखवालदार झोपला म्हणून माल आपला होत नाही. तेव्हा जास्त फ्रेम लागतात हे मान्य, पण चेहरा बदलला की पुन्हा विचारावं लागतं. तोंडानेच असं नाही. कॅमेरा डोळ्यांपासून खाली घेऊन एकदा समोरच्याकडे नुसतं पाहिलं तरी विचारणं होतं.

दुसरा आक्षेप दर्शनशास्त्रातून येऊ शकतो आणि तो मला अधिक आवडतो. जैनांचा अनेकांतवाद सांगतो की वस्तूला अनंत धर्म असतात आणि कुठलंही एक विधान त्यातला एकच नय, एकच बाजू पकडतं. मग एका फ्रेमवर थांबणं हा एकांताचा हट्ट झाला, आणि पुष्कळ फ्रेम काढणारा सत्याशी अधिक नम्र ठरला. वाद बिनतोड दिसतो, पण त्यात एक गल्लत आहे. नय बदलतो तो पाहणाऱ्याची जागा बदलल्यावर, प्रश्न बदलल्यावर, संबंध बदलल्यावर. एकाच जागी उभं राहून बोट न उचलता एका सेकंदात काढलेल्या १२० फ्रेम हे १२० नय नव्हेत. ते एकाच नयाचं १२० वेळा उच्चारण आहे. उलट दोनच फ्रेममध्ये अनेकांत साधू शकतो, जर पहिलीनंतर फोटोग्राफर उठून खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेला, किंवा समोरच्या बाईला तिच्या कामाबद्दल विचारून ती सांगत असताना दुसरी काढली.

आता दुसऱ्या मर्यादेकडे, निवडण्याकडे येतो, कारण माझ्या मते खरं कर्म तिथे आहे. रॉबर्ट फ्रँकने १९५५ ते १९५७ या काळात गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर अमेरिका पालथी घातली. सुमारे २७,००० फ्रेम काढल्या. ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात आल्या त्या ८३. तीनशेहून अधिक फ्रेममागे एक असं हे प्रमाण. आकडा पाहून कुणी त्याला हावरा म्हणेल, पण त्याने कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलच्या सगळ्या फ्रेम लहान आकारात एका कागदावर, काढून पाहिल्या, खुणा केल्या, हजारभर प्रिंट काढून भिंतीला लावल्या, हलवल्या, उतरवल्या. २७,००० वेळा उचललेलं त्याने २७,००० वेळा हातात धरून पाहिलं आणि बहुतेक सगळं खाली ठेवलं. खळ्यावरची उफणणी अशीच असते. वाऱ्यात उभं राहून सूप हलवणाऱ्याच्या हातून शेतातलं सगळं पीक जातं, भूस उडतं, दाणे पायाशी पडतात. पीक किती काढलं यावरून त्याला कुणी लोभी म्हणत नाही.

गॅरी विनोग्रँडची गोष्ट वेगळी, आणि तिच्यापाशी थांबावंच लागतं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ज्याने आयुष्य घालवलं त्या या माणसाची एक शिस्त होती. काढलेला रोल तो लगेच धुवायचा नाही, वर्ष-दोन वर्षं तसाच ठेवायचा. काढताना मनात जो उमाळा होता त्याची सावली निवडीवर पडू नये, चांगला दिवस होता म्हणून फोटोही चांगला वाटू नये, हा त्यामागचा विचार. फळापासून मन सोडवण्याची ही रीत गीता वाचणाऱ्याला परकी वाटणार नाही. पण १९८४ मध्ये तो गेला तेव्हा मागे जवळपास २,५०० रोल न धुतलेले राहिले. रोलला ३६ धरल्या तर ९०,००० फ्रेम. त्याशिवाय साडेसहा हजारांच्या आसपास रोल धुतलेले होते, पण त्यांच्या कॉन्टॅक्ट शीट काढलेल्या नव्हत्या. शेवटच्या वर्षांत, लॉस एंजेलिसमध्ये, तो गाडीत शेजारच्या सीटवर बसून काचेतूनही काढत असे. जॉन शार्कोवस्कीने न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातर्फे हा ढीग तपासला आणि १९८८ मध्ये प्रदर्शन मांडलं, तेव्हा विनोग्रँडचा हा सर्वांत मोठा पाठीराखाच शेवटच्या कामाने खिन्न झाला होता. नंतरच्या जाणकारांना त्याच ढिगात उत्तम फोटो सापडले, हेही नोंदवायला हवं.

यावर कुणी म्हणेल की हाच खरा निष्काम कर्मयोगी. कर्म केलं, फळाकडे पाहिलंही नाही. मला हे पटत नाही, आणि माझं सगळं म्हणणं या नकारावर उभं आहे. फोटोग्राफरच्या कर्माचं फळ म्हणजे कौतुक, मानधन, भिंतीवरची जागा. रोल धुणं आणि पाहणं हे फळ नव्हे, ते कर्माचाच उरलेला अर्धा भाग आहे. पेरून, राखण करून, उभं पीक शेतात सोडून जाणाऱ्या शेतकऱ्याला आपण अनासक्त म्हणत नाही. पाहिल्याशिवाय सोडलेली फ्रेम ही टाकलेलीही नसते आणि ठेवलेलीही नसते. तिच्यातल्या माणसाला कुणी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही. रस्त्यावरच्या एखाद्या अनोळखी बाईच्या चेहऱ्याचा निवाडा फोटोग्राफरने करायचा होता, तो तिला न ओळखणाऱ्या तिसऱ्याने केला. मग तो फोटो कुणाचा? माझ्या मते ज्याने निवडला त्याचा अधिक. विनोग्रँडबद्दल हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण आधीच्या वर्षांत निवडीचं मोल त्याच्याइतकं फार थोड्यांना कळलं होतं.

जपाचं उदाहरणही या वादात पुढे येतं. नाम लाखदा घेतलं तर कुणी हाव म्हणत नाही, मग बटण लाखदा दाबलं तर का म्हणावं? म्हणू नये, जर प्रत्येक दाबण्यामागे एक श्वास असेल तर. जपात काही साठत नाही. १०८ मण्यांची माळ लाख जपानंतरही तेवढीच असते, तोच मणी पुन्हा बोटाशी येतो. देवघराशेजारी भिंतीच्या सॉकेटला लावलेली मंत्राची छोटी पेटी मात्र दिवसभर तोच मंत्र म्हणते, आणि ती घराला सोबत करते हे खरं, पण तिने जप केला असं घरातलं कुणीही धरत नाही. बोट दाबून ठेवल्यावर पळत सुटणारा बर्स्ट मला त्या पेटीजवळचा वाटतो.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त कुठे जाणवत असेल तर लग्नमंडपात. अंतरपाट एकदाच दूर होतो. मंगलाष्टकं संपतात, अक्षता पडतात, आणि दोघं एकमेकांना पाहतात ती वेळ दुसऱ्यांदा येत नाही. तिथे चूक परवडत नाही, म्हणून तिथे फोटोग्राफरने बर्स्ट लावला तर मी त्याला दोष देणार नाही; मुहूर्ताची फ्रेम चुकवणं हे घरच्यांनी दिलेलं न स्वीकारणं झालं. पण पुढच्याच मिनिटाला हार घालताना आवाज येतो, “परत एकदा, इकडे बघून.” नवरीचे हात हारासकट हवेत थांबतात, मान कॅमेऱ्याकडे वळते, आणि ज्याला हार घालायचा तो क्षणभर दृष्टीआड होतो. पहिल्या वेळी फोटोग्राफर विधीचा साक्षीदार होता. आता विधी त्याच्यासाठी घडतो आहे. फ्रेम एकच वाढली, पण ती कुणाच्या वाट्यातून वाढली हे उघड आहे. नंतर हजारो फोटो पेनड्राइव्हवर घरी येतात, ‘सिलेक्शन करून द्या, मग अल्बम’ असा निरोप येतो, आणि महिनोन्‌महिने सिलेक्शन होत नाही. ज्याने काढले त्याने निवडायचं ओझं ज्यांचे काढले त्यांच्यावर टाकलं, आणि त्यांनाही ते उचलेना.

सर्वांत कठीण आक्षेप शेवटी घेतो, कारण त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायूकांडानंतर पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. बार्थोलोम्यूच्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेचा त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला. तिथे देणारं कुणीच नव्हतं. अदिन्नादानाचा नियम अक्षरशः लावला तर तो फोटो निघताच कामा नये, आणि तो निघाला नसता तर जगाला भोपाळ इतकं दिसलं नसतं. इथे अस्तेय आणि सत्य समोरासमोर उभी राहतात, आणि मी सत्याच्या बाजूने उभा राहीन. जे बोलू शकत नाहीत त्यांचीही एक मागणी असते, की आमचं काय झालं हे सांगा. तेवढ्यासाठी लागतील त्या फ्रेम दिलेल्या आहेत असं धरावं. पण ही मुभा साक्षीपुरती आहे. साक्ष पुरी झाल्यावर उजेड जरा बरा पडेल म्हणून थांबून काढलेली फ्रेम त्या मुभेत बसत नाही. ही रेघ प्रत्यक्ष जागेवर कुठे पडते हे तिथे उभ्या असलेल्यालाच कळू शकतं.

आक्षेप इथे संपले, पण ‘क्षण पकडणं’ या शब्दांबद्दल बोलायचं राहिलं. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोशात क्षणाचं एक माप सांगितलं आहे, की बलवान पुरुष चुटकी वाजवतो तेवढ्यात ६५ क्षण होऊन जातात. नेमका क्षण पकडला असं फोटोग्राफर म्हणतो तेव्हा बौद्ध तार्किक त्याला सांगेल की इंद्रियापुढे आलेल्या क्षणाला नाव नसतं. ‘हाच तो’ हे मन नंतर म्हणतं. मला हे फार खरं वाटतं, आणि म्हणूनच आताच्या कॅमेऱ्यांमधली एक सोय मला अस्वस्थ करते. शटरचं बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा आतल्या आत फ्रेम जमवत राहतो, आणि बटण पूर्ण दाबलं की त्याआधीच्या सेकंदभरातल्या फ्रेमही कार्डावर उतरतात. पक्षी उडून गेल्यावर दाबलं तरी उडण्याआधीचा पक्षी मिळतो. पक्ष्यांसाठी ही मोठी सोय आहे. माणसासमोर ती वापरली की मात्र कर्म आणि चेतना यांचा क्रम उलटतो. बुद्धाने चेतनेलाच कर्म म्हटलं. इथे फ्रेम आधी घडते आणि ती हवी असं मन मागाहून म्हणतं. मी याकडे असं पाहतो की संकल्प सुटला तो अर्धं बटण दाबलं तेव्हाच, आणि जबाबदारीही तिथूनच मोजायला हवी. समोर बसलेल्याला मात्र ऐकू येतो तो बटण पूर्ण दाबल्याचा आवाज, आणि आता तोही बंद करून ठेवता येतो.